मास्तरांची डबल बेल

चारी बाजूंनी मोकळा डोंगर आहे, नजर पोचेल तिथवर कुसळी गवत वाऱ्यावर लवतंय, खाली तलाव चमकतोय, आणि पाठीमागून एक खणखणीत आवाज येतो, "पुढं सरका, पुढं. दारात गर्दी करू नका. पुढं लई जागा हाय."

दार कुठंच नसतं. गर्दी म्हणजे सायकलींवर बसलेली आपण पाच-सात माणसं. तरी आवाज ऐकला की प्रत्येक जण मुकाट पुढं सरकतो. मीही सरकलो होतो. इतका, की माझी सायकल वाट सोडून एका बाभळीत शिरली. पुढं जागा नाही, हे बाभळीनं मला तिच्या पद्धतीनं सांगितलं.

हा आवाज शेषेराव मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडं खेड्यापाड्यातला प्रवासी कंडक्टरला मास्तरच म्हणतो. सगळी नोकरी निलंग्याकडं काढून ते निवृत्त झाले आणि बायकोच्या माहेरी, जळकोटला, घर बांधून राहिले. मी त्यांचा शेजारी. मूळचा लातूरचा, इथं तालुक्याच्या एका ऑफिसात कारकून. लातूरचा माणूस म्हणजे कुठंतरी क्लास घेतच असणार, अशा खात्रीनं ते मला सर म्हणतात. मी त्यांना मास्तर म्हणतो, ते मला सर म्हणतात, आणि मी आजवर कुणाला काही शिकवलेलं नाही. मास्तरांनी मात्र एकाला शिकवलं. त्याचंच सांगायचं आहे.

तर झालं असं, की जळकोटच्या डोंगरात, तलावाच्या काठाला, एका हौशी माणसानं फार्महाऊस बांधलं आणि बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आणल्या. ई-बाईक. पायडल आपण मारायचं, पण चढावर निम्मं काम बॅटरी करते. दिवसभराची सहल. सकाळी निघायचं, डोंगर चढायचा, पलीकडून उतरायचं, तलावाला वळसा घालून दिवस कलायच्या आत परत. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘निसर्गरम्य’. आम्ही गावातली माणसं पोट धरून हसलो. त्या डोंगराकडं आम्ही आजवर बघितलं होतं ते फक्त शेळ्या कुठं गेल्या हे बघायला. पण लोक यायला लागले. जास्त करून लातूरचे. रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या शहराला भरलेला तलाव म्हणजे काश्मीरच. काठावर येऊन ते नुसते बघत उभे राहतात. काही जण तर चपला काढतात.

मालकाला डोंगरातल्या वाटा माहीत असलेला, अंगात दम असलेला माणूस हवा होता. मास्तर म्हणाले, "वाट मी दावतो. पर गाडी माझ्या नियमानं चालंल." मालकाला वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

मास्तरांनी आयुष्यात विनोद केलेला नाही. ते सगळ्यांच्या मागं राहतात, कारण कंडक्टरची जागा मागं. हँडलला पितळी घंटी. एक बेल दिली की सगळ्यांनी थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. डबल बेलच्या आधी कुणाचं चाक हललं, तर सगळ्यांना वळवून मूळ जागी आणतात आणि पुन्हा बेल देतात. मधेच कुणी फोटोला थांबलं की, "हितं थांबा न्हाई." थांबे ठरलेले. माथ्यावरच्या एका खडकावरून अख्खा तलाव दिसतो. खरी बघण्यासारखी जागा तेवढी एकच. तिला त्यांनी ‘विनंती थांबा’ करून ठेवलंय. तिथं उतरायचं असेल तर आधी हात वर करून सांगावं लागतं. कुणी सांगितलं नाही, तर सगळी वरात तशीच पलीकडं उतरते आणि जाहिरातीतला निसर्ग मागं राहून जातो.

खिशात त्यांचा जुना, तिकिटाला भोक पाडायचा पंच. एसटीत मशीन येऊन जमाना झाला, पण मास्तरांनी पंच सोडला नाही. पाहुण्यांनी बुकिंगचा कागद आणला की त्याला भोक पाडतात. एका पोरीनं बुकिंग मोबाईलवर दाखवलं, तेव्हा तो फोन उलटसुलट करून, पंच कुठं मारावा हे ते बराच वेळ शोधत होते. तिनं वेळेवर ओढून घेतला म्हणून वाचला. मनात काही खुपलं, की हात खिशात जातो आणि पंच आतल्या आत वाजतो. टिक, टिक. काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, त्या आवाजावरून घरातलं हवामान कळतं.

मी पहिल्यांदा त्यांच्या सहलीला गेलो, तेव्हा बॅटरीचं बटण सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवून दिलं. पैसे तेवढेच आहेत तर कमी का घ्या, असा माझा कारकुनी विचार. सपाटीवर मी असा सुसाट निघालो, की लातूरच्या एका डॉक्टर जोडप्याला मी कुणी खेळाडू वाटलो. त्यांनी तसं विचारलं. मी नाही म्हटलं नाही. मग चढ लागला आणि बॅटरी संपली. बंद पडलेली ई-बाईक ही सायकल राहत नाही, ती म्हैस होते. मागून एक बेल आली. मास्तर शांतपणे म्हणाले, "ब्रेकडाऊन. समद्यांनी खाली उतरा. धक्का मारावा लागंल." मी उतरायला लागलो तर मला दटावलं, "डायवरनं उतरायचं न्हाई." अशा रीतीनं लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या त्या डॉक्टर जोडप्यानं मला माथ्यापर्यंत ढकलत नेलं. बाई दमून मधे मधे नवऱ्याकडं बघत होत्या. वर पोचल्यावर मास्तर माझ्या कानाशी आले. "सर, मिळतंय म्हणून दाबायचं नसतं."

पण मास्तरांचा सगळ्यात कडक नियम वेगळाच आहे. ड्यूटीवर नातं न्हाई.

एसटीत असताना सख्खा मेव्हणा गाडीत चढला तरी ते ओळख देत नसत. "कुटं जायचं?" एवढंच. मेव्हण्याला कुठं जायचं हे त्यांना माहीत असायचं, तो त्यांच्याच घरी निघालेला असायचा. काकूंनाही गाडीत ते ‘बाई’ म्हणत. "बाई, पिशवी पायापाशी घ्या." काकू सांगतात, "मला लई हसू यायचं. घरी आले की इचारायची, गाडीतली बाई कशी होती?"

एक गोष्ट सांगताना मात्र त्या हसत नाहीत. ती मी त्यांच्या ओट्यावर, चहा पिताना ऐकली.

"अमोल धाव्वी झाला त्या दिवसाची गोष्ट. शाळंत पहिला आला. हेडमास्तरनी पेढ्याचा पुडा दिलता. लेकरू नाचत ह्यांच्याच गाडीत चढलं. म्हणलं, बाबा, मी पहिला आलो. हे म्हणले, पास."

"नियम हाय," मास्तर मधे बोलले.

"गडबडीत पास घरी राह्यलता. लोक म्हणले, मास्तर, सोडा. एक म्हातारी पैसे द्याया उठली. ह्यांनी पुढच्या फाट्यावर उतरवलं लेकराला. उन्हाचं चालत घरी आलं. पेढे समदे पाघळून कागदाला चिटकले होते. तवापासून त्यानं ह्यांच्या गाडीत पाय ठिवला न्हाई."

"मास्तर, तुम्ही खिशातले घालायचे की पैसे," मी म्हणालो.

"पैसे घातले आसते तर बाप झालो आसतो," मास्तर म्हणाले. "ड्यूटीवर बाप व्हायचं नसतं. ती म्हातारी मला म्हणली, मास्तर, ज्याचं लेकरू हाय त्याला कळलं तर काय वाटंल? मी म्हणलं, आजी, त्याला म्हाईत हाय."

असं म्हणून ते हसले. खिशात पंच वाजत होता.

अमोल मग लातूरला क्लासला गेला, इंजिनियर झाला, हैदराबादला मोठ्या कंपनीत लागला. सणावाराला यायचा, रात्रभर राहून निघून जायचा. दर रविवारी मास्तर त्याला फोन करत. भिंत पातळ असल्यामुळं आणि मी भिंतीला टेकून बसत असल्यामुळं मला ऐकू येई. विषय एकच. "आरं, येकडाव येऊन बघ की. बापाची गाडी कशी चालती बघ तरी. तलाव भरलाय. थंड वाटंल तुला." पलीकडून काय उत्तर येई ते कळत नसे, पण लगेच टिक, टिक ऐकू येई. मास्तरांना त्या सहलीच्या ना पैशाचं कौतुक होतं ना निसर्गाचं. मुलानं आपल्या गाडीत पुन्हा एकदा बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि एका दिवशी ते कुंपणापाशी आले. चेहरा नवीन रंग दिलेल्या बससारखा. "सर, अमोल येणार हाय. बुकिंगच्या यादीत नाव बघितलं. हापिसची समदी माणसं घिऊन. आपल्या गाडीला."

"वा. मग काय, मजा आहे."

"तुमी बी या," ते म्हणाले आणि क्षणभर थांबले. "पर बुकिंग करून या."

ऑक्टोबरचं ऊन होतं. काकूंनी पहाटेपासून धपाटी लावली होती. सहल संपल्यावर पोरगा घरी येणार, ही त्यांची खात्री. मास्तर इस्त्रीचा खाकी शर्ट घालून तलावावर हजर. त्यांच्या सायकलीच्या पुढच्या टोपलीत एक पुडा दोरीनं बांधून ठेवलेला. वासावरून मी ओळखलं, पेढे. हात पुढं केला, तर त्यांनी पंच दाखवला. "ड्यूटी संपल्यावर."

रात्रीच निघालेली हैदराबादची गाडी आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, त्यावर कंपनीचं नाव. हिंदी, तेलुगू, इंग्रजी असा सगळा कालवा. अमोल शेवटी उतरला, काळा चष्मा लावून. त्यांच्या साहेब एक बाई होत्या, मूळच्या नागपूरच्या, छान मोकळ्या. त्या म्हणाल्या, "अमोल, तू इकडचाच आहेस ना रे? आहे का कुणी ओळखीचं?"

अमोलनं एकदा मास्तरांकडं बघितलं. एसटी स्टँडवर आपल्या कामाची नसलेली पाटी माणूस जशी बघतो, तसं. "नाही मॅडम. मी लातूरचा. इकडं कधी येणं नाही झालं."

मी मास्तरांकडं बघितलं. ते हात पुढं करून उभे होते. "बुकिंग?"

अमोलनं कागद दिला. मास्तरांनी भोक पाडलं. मला वाटलं, इतरांच्या कागदांपेक्षा जरा जपून पाडलं.

डबल बेल झाली. आम्ही निघालो. चढावर मॅडम माझ्या बाजूला आल्या. बॅटरी मी यावेळी जपून वापरत होतो, त्यामुळं बोलायला दम नव्हता. त्याच बोलत होत्या. "मीच नेटवर शोधलं हे. डोंगर, तलाव, एका दिवसात होणारं. अमोल तर सारखा नको म्हणत होता. तिकडं काय आहे, म्हणे, नुसते दगड."

म्हणजे त्यानं आणलं नव्हतं. तो आणला गेला होता. मास्तर मागं होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही, असं मी ठरवून टाकलं.

मला अमोलचा सणकून राग यायला हवा होता. पण माझी मुलगी पुण्यात असते, आणि तिच्या मैत्रिणींना ती सांगते, बाबा ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये आहेत. मी हे ऐकलंय. ऐकून मला बरंसुद्धा वाटलं होतं. तेव्हा मी राग अर्ध्यावर ठेवला आणि पायडल मारत राहिलो.

विनंती थांबा जवळ आला. सकाळी नियम सांगितलेला, पण कुणीच हात वर केला नाही. सगळे धापा टाकत होते. अमोल खाली मान घालून चालला होता. आता पलीकडं उतरणार, एवढ्यात मागून एक बेल आली. कुणी विनंती केल्याशिवाय मास्तरांनी तिथं गाडी थांबवल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

खाली तलाव काठोकाठ. बगळे बसलेले, पलीकडं उसाची हिरवी पट्टी. त्या पोरांपोरींचा गोंगाट बंद झाला. अमोलनं चष्मा काढला. मास्तर तलावाकडं बघत नव्हते, पोराकडं बघत होते, की तो तलाव बघतोय की नाही.

"काका," मॅडमनी त्यांच्या हातात फोन दिला, "आमचा सगळ्यांचा एक फोटो काढाल?"

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. सगळे ओळीत उभे राहिले, अमोल कडेला. मास्तर बघत राहिले. ओठ ताणून हसणारी माणसं हळूहळू हसायची थांबली. मॅडम म्हणाल्या, "काका, झाला का?"

"जरा थांबा," मास्तर म्हणाले. "नीट दिसू द्या."

इथं मला राहवलं नाही. आयुष्यात जिथं गप्प बसायचं तिथं बोलणं आणि ऑफिसात साहेबानं विचारलं की गप्प बसणं, अशी माझी जुनी खोड आहे. मी पुढं झालो. "मॅडम, अहो काका काय म्हणताय त्यांना, ते तर या अमोलचे—"

टिंग टिंग.

मास्तरांनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं डबल बेल दिली होती. परत दिली आणि फोन मॅडमच्या हातात ठेवला. "चला, चला, टाइम झाला. पुढं सरका." सगळे धावत सायकलींवर बसले. आणि मीही. सवय लागलेली. माझं वाक्य विनंती थांब्यावर उरलं आणि मी उतारावर.

उतारावर ते माझ्या शेजारी आले. मागची जागा सोडून पुढं आले, हे नियमाच्या बाहेर होतं. "सर, बघितलं का? वळख दिली न्हाई पोरानं."

मी ब्रेक दाबला. त्यांनीही दाबला.

"ड्यूटीवर नातं न्हाई. शिकवल्यालं ध्यानात हाय त्याच्या."

"मास्तर, ड्यूटीवर तुम्ही आहात. तो तर सहलीला आलाय."

त्यांनी घंटीवरून अंगठा फिरवला. "हापिसची माणसं संगं हायत की. म्हंजे ड्यूटीच."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? तेवढ्यात एक खड्डा आला आणि मला पडायला निमित्त मिळालं. मास्तरांनी मला उभं केलं, धूळ झटकली, आणि पुन्हा मागं आपल्या जागेवर गेले.

तलावाला वळसा घालून आम्ही परतलो, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मास्तरांची ड्यूटी शेवटचा प्रवासी उतरला म्हणून संपत नाही. गाडी तपासावी लागते, कुणाचं काही विसरलंय का. ते एकेका सायकलीची टोपली बघत चालले होते आणि तिकडं हैदराबादची गाडी सुरू झाली होती. अंधाराच्या आत हायवे गाठायचा, अशी त्यांची घाई. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मास्तर, राहू द्या त्या टोपल्या. पण त्या दिवशीचं माझं ओरडणं होऊन गेलं होतं.

शेवटची सायकल बघून झाली. मास्तर वळले, आपल्या टोपलीतला पुडा सोडायला लागले. गाठ घट्ट बसलेली. ती सुटेना.

सगळे आत बसले होते. अमोल गाडीच्या दारात उभा होता, एक पाय पायरीवर. चष्मा हातात. तो बापाच्या बोटांकडं बघत होता, त्या गाठीकडं. त्याचं तोंड किंचित उघडलं होतं. मी शपथेवर सांगतो, त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आतून मॅडम म्हणाल्या, "काय झालं रे अमोल? काही राहिलं का?"

मास्तरांनी मान वर केली. पोराकडं बघितलं, पोरामागच्या मॅडमकडं बघितलं. गाठीवरचा हात काढला. गाडीपाशी गेले.

"दारात थांबू नका, साहेब," ते म्हणाले. "पुढं सरका. पुढं जागा हाय."

अमोल आत सरकला. दार लागलं. मास्तरांनी तळहातानं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल. गाडी निघाली.

धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. घरी धपाटी झाकून ठेवलेली असणार. मी विचारलं, "मास्तर, काकूंना काय सांगायचं?"

"गाडी येळंवर सुटली म्हणून सांगा."

मग ते सायकलीपाशी आले. आता ती गाठ सहज सुटली. पुडा त्यांनी माझ्यापुढं धरला. "घ्या, सर. ड्यूटी संपली."

दिवसभराच्या उन्हानं पेढे पाघळून कागदाला चिकटले होते. कुठला पेढा कुठं संपतो ते कळत नव्हतं. मी उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "कशाबद्दल?"

"आमचा अमोल," मास्तर म्हणाले, "शाळंत पहिला आला."